अखाजीची घागर आणि अथेनैची वेदी

आजचा वाचनभाग: प्रेषितांची कृत्ये 17:16-34



पौल अथेनैत येतो, गावभर मूर्ती बघतो आणि आतून अस्वस्थ होतो. इथपर्यंतचं आपल्याला पाठ असतं. पण अरीयपगावर उभं राहिल्यावर तो सुरुवात कुठून करतो ते बघा. त्यांच्याच गावातल्या एका वेदीपासून, जिच्यावर 'अज्ञात देव' असं लिहिलेलं होतं. पुढे तर तो त्यांच्याच कवींचं बोलणं आधाराला घेतो. मोशे नाही, दावीद नाही, ग्रीक कवी! तुम्ही आजवर देवाला ओळखतच नव्हता असं तो म्हणत नाही, आणि तुमची वेदी पुरेशी आहे असंही म्हणत नाही.

हा भाग आज घेतला त्याला कारण आहे. पहूरची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला. घरचे अजून जुन्याच रीतीने चालतात. तिने विचारलं, "अखाजीला आई घरी बोलावते. घागर पुजतात तेव्हा मी कुठे उभी राहू? आणि माझी आजी तर प्रभूचं नावही न ऐकता गेली. तिचं काय?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची अखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, खरबूज, आंबा, सांजोरी ठेवायची आणि गेलेल्या माणसांच्या नावाने कुणाला तरी जेवू घालायचं. वैशाखाचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पाण्याचीच घागर का, हे समजवावं लागत नाही.

हा पेच आपल्या एकट्यांचा नाही. आफ्रिकेत घाना देशात अकान लोक आहेत, त्यांची भाषा ट्वी. क्रिस्टालर नावाच्या जर्मन मिशनऱ्याने ट्वी बायबलचं काम हाती घेतलं, ते 1871 मध्ये पूर्ण छापून झालं. त्यात देवाला शब्द कोणता? ओन्यान्कोपोन. अकान आज्या-पणज्या ज्याला आधीपासून हाक मारत होत्या, तेच नाव. क्रिस्टालरने 1879 मध्ये त्यांच्या 3,600 म्हणीही छापल्या. त्यांच्यात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की लहान लेकराला देव कुणी बोट करून दाखवावा लागत नाही. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय ज्याने वाचलाय, तो इथे थबकेलच.

पुढे त्याच अकानांमधली अफुआ कुमा नावाची एक शेतकरी बाई, सुईणपण करायची. ती येशूची स्तुती करायची ती जंगलाच्या, शिकारीच्या, राजाच्या दरबाराच्या भाषेत. कुणीतरी ते टिपून घेतलं आणि 1981 मध्ये पुस्तक झालं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या ना? जात्यावर, शेतात सुचलेलं मुलाने, सोपानदेवांनी लिहून ठेवलं नसतं तर आज काय उरलं असतं! (मजा म्हणजे अकान लोक आजोबांना, पूर्वजांना आणि राजालाही 'नाना' म्हणतात, आणि त्यांच्यातले काही ख्रिस्ती येशूलाही तीच हाक मारतात. खानदेशात घरोघरी एक नाना असतातच.)

पण तिथेही गाडी अडते ती पूर्वजांपाशीच. अकान रीतीत पूर्वजांची नावं घेऊन जमिनीवर पाणी किंवा मद्य ओततात, आपल्या तर्पणासारखं. कुमासीचे कॅथलिक बिशप पीटर सार्पाँग यांनी या रीतीची बाजू घेऊन लिहिलं. तिथल्या अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांना मात्र ती अजिबात चालत नाही. देवाचं नाव जुनं चाललं, मग पूर्वजांना घातलेलं पाणी का नाही? दोन्हीकडे प्रार्थना करणारी, वचन वाचणारी माणसं आहेत.

आपल्या मराठीतही हे दोन सूर आहेतच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, हे ते उघड सांगत. म्हणूनच ख्रिस्तासाठी त्यांनी अभंग लिहिले, कीर्तन उचललं. त्यांची गीतं आपण आजही रविवारी गातो. दुसरीकडे पंडिता रमाबाई. लहानपणापासून संस्कृत आणि पुराणांत वाढलेल्या. केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि जुन्या तत्त्वज्ञानाचा वास ज्याला येतो असे शब्द शक्यतो टाळले. शब्दाच्या पाठीवर काय काय चढून येतं हे त्यांना आतून माहीत होतं.

मला स्वतःला टिळक जवळचे वाटतात. पण रमाबाईंची भीती खोटी नव्हती, आणि घागरीच्या प्रश्नात ती उपयोगी पडते.

कारण घागरीत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, गेलेल्यांची आठवण, त्यांच्या नावाने तहानलेल्याला पाणी, भुकेल्याला ताट. आईबापाचा मान राखायला सांगणाऱ्या देवाला याचा राग यावा असं मला तरी वचनात कुठे दिसत नाही. दुसरी, मेलेल्यांकडे काही मागणं, त्यांचा कोप होऊ नये म्हणून हात जोडणं. अनुवाद 18 इथे अगदी सरळ आहे. मृतांकडे विचारायला जायचं नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं: अखाजीला जा. घागर भर, सांजोऱ्या तळायला आईसोबत बस, आलेल्याला तूच वाढ. पूजेला हात जोडू नकोस, त्याऐवजी आजीचं नाव घेऊन देवाचे आभार मान, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि हे आईला आदल्या दिवशीच सांग, ऐन वेळी चारचौघांत नको. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल नैवेद्याच्या अन्नाबद्दल बोलताना समोरच्याच्या मनाचा विचार करायला सांगतो, तो इथेही करावा लागेल. तुझ्या हाताने भरलेल्या घागरीमुळे मंडळीतला एखादा नवा विश्वासी गोंधळणार असेल, तर त्याच्याशीही बोलावं लागेल.

काही पाळकांना हे जास्त वाटेल. तिच्या आईला कमी वाटेल. असो.

आजीबद्दल मात्र मी तिला पटकन उत्तर दिलं नाही. अब्राहाम सदोमेसाठी देवाशी घासाघीस करतो तेव्हा त्याचा सगळा भरवसा एवढ्यावरच असतो की सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करणार नाही. मलाही याच्यापुढे जाता येत नाही. ज्या बाईने तिला लहानपणी पहिल्यांदा 'देव' हा शब्द शिकवला, तिच्याविषयी शेवटचा निकाल आपण पुण्यात बसून लावायचा हे मला झेपत नाही.

उद्याचा वाचनभाग इब्री लोकांस पत्र, अध्याय 11. तिथेही पूर्वजांचीच यादी आहे, आणि शेवटी असं येतं की वचन दिलेलं त्यांना मिळालं नाही, आपल्याशिवाय ते पूर्ण होणार नव्हते. वाचताना राहाबेच्या नावापाशी जरा थांबा. ती यरीहोची होती, आणि इस्राएलाच्या देवाविषयी तिच्या कानावर आल्या होत्या त्या फक्त ऐकीव गोष्टी.