सायमनचं काय?

रविवारची रात्र, अकरा वाजलेले, सकाळी साडेनऊला स्टँडअप. अशा वेळी माणूस अडीच तासांचं काही लावत नाही. 'माय लाइफ ॲज अ झुकिनी' हा सिनेमा मी लावला तो केवळ तासाभराच्या जरा वर आहे म्हणून. पोस्टरवर मोठ्या डोक्यांच्या, गोल डोळ्यांच्या बाहुल्या होत्या. लहान मुलांचं काहीतरी बघू आणि झोपू, एवढाच विचार. सिनेमा संपला आणि मी बराच वेळ छताकडे बघत पडलो. एक प्रश्न अडकला होता. तो अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून लिहितोय. शेवट सांगितल्याशिवाय हा प्रश्न मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांना आधी सिनेमा बघायचा असेल त्यांनी बघून या.

2016 सालचा हा स्विस-फ्रेंच सिनेमा. दिग्दर्शक क्लोद बारास, पटकथा सेलीन सियामाची, मूळ कादंबरी जील पारीस या फ्रेंच लेखकाची. सगळा स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, पण त्या वर्षीचं बक्षीस 'झूटोपिया'ने नेलं.

गोष्ट नऊ वर्षांच्या एका मुलाची. नाव इकार, पण आई त्याला 'कुर्जेत' म्हणते. कुर्जेत म्हणजे झुकिनी, आपल्या काकडी-दुधीच्या गोतातली भाजी. बाप सोडून गेलेला, आई दिवसभर टीव्हीसमोर बिअर पीत बसलेली. पोरगा माळ्यावर बिअरच्या रिकाम्या डब्यांचे मनोरे रचत खेळतो. एक दिवस मनोरा कोसळतो, आई चिडून जिना चढू लागते, मार बसणार म्हणून घाबरून तो माळ्याचं झाकण धाडकन बंद करतो. आई खाली पडते आणि मरते. लहान मुलांचा सिनेमा इथून सुरू होतो.

रेमंड नावाचा पोलीस त्याला अनाथाश्रमात पोचवतो. तिथली मुलं आपल्या अर्थाने अनाथ नाहीत, बऱ्याच जणांचे आईबाप कुठेतरी आहेत. एकाचा बाप तुरुंगात. एकीच्या आईला देशाबाहेर पाठवून दिलंय, त्यामुळे बाहेर गाडीचा आवाज आला की ती "आई" म्हणत दाराकडे धावते. आश्रमाच्या भिंतीवर एक तक्ता आहे, त्यावर मुलं आपापलं हवामान लावतात: आज ऊन, आज ढग, आज पाऊस.

या मुलांचा दादा म्हणजे सायमन. लाल केसांचा, तोंडाने तिखट. त्याचे आईबाप नशेत बुडालेले. नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून छळणारा तोच, आणि कोण इथे का आलंय हे सगळं ठाऊक असणाराही तोच. कुर्जेतला तो सांगतो की आपण सगळे सारखेच, आपल्यावर प्रेम करणारं आता कुणी उरलेलं नाही. मग कामिल नावाची मुलगी येते, कुर्जेतला ती आवडते. तिची एक नातेवाईक बाई तिला घरी न्यायला टपलेली असते, पण तिचा डोळा सरकारी पैशावर असतो. त्या बाईचं खरं रूप तिच्याच आवाजात रेकॉर्ड होतं आणि कामिल सुटते. त्या कारस्थानात सायमनचा मोठा हात असतो.

मधल्या काळात रेमंड कुर्जेतला भेटायला येत राहतो. त्याचा स्वतःचा मुलगा दुरावलेला आहे. शेवटी तो कुर्जेत आणि कामिल दोघांनाही घरी न्यायचं ठरवतो.

इथे आपण खूश होतो. या प्रकारच्या सिनेमाचं हेच तर म्हणणं असतं: नातं रक्तानेच जुळतं असं नाही, कुटुंब आपण निवडू शकतो. आमच्या पिढीला हे फार पटतं. घरापासून लांब, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मित्रांच्या आधाराने जगणाऱ्यांना ते पटणारच. मलाही पटायचं.

पण निवडलं याचा अर्थ बाकीच्यांना निवडलं नाही. रेमंडने दोघांना निवडलं. सायमन तिथेच राहिला.

सिनेमा हे लपवत नाही, म्हणून तो मोठा. बातमी कळल्यावर सायमन बिथरतो. कुर्जेत म्हणतो, मग मी जातच नाही. आणि सायमनच, ज्याला यातून काहीही मिळणार नाही तो, त्याला समजावतो की आपल्या वयाच्या मुलांना सहसा कुणी नेत नाही, तेव्हा तुम्ही जायलाच हवं, आम्हा सगळ्यांसाठी. नऊ-दहा वर्षांच्या पोराने हे म्हणावं?

तो म्हणतो ते खरंही आहे. आपल्याकडेही दत्तक घेणाऱ्यांना बहुतेक तान्हं बाळ हवं असतं. बाळासाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघतात आणि त्याच यंत्रणेत सात-आठ वर्षांची मुलं कुणी विचारेल याची वाट बघत मोठी होतात. सायमन जगभर आहेत.

आता प्रश्न असा: सायमनवर अन्याय झाला का? झाला असेल तर तो केला कुणी?

रेमंडने? एका पोलिसाच्या पगारात आणि एका घरात दोन मुलं नेणं हेच मोठं. सगळ्यांना नेता येत नाही म्हणून कुणालाच नेऊ नये, असं म्हणणारा माणूस न्यायी नव्हे, नुसता हिशोबी. कुर्जेतने? तो मागे राहिला असता तर सायमनला सोबत मिळाली असती, घर नव्हे. एका घर नसलेल्या मुलाच्या जागी दोन झाली असती.

गुन्हेगार सापडत नाही. तरीही सायमन खिडकीत उभा आहेच.

यावर एक जुनं, टोकाचं उत्तर प्लेटोचं. 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात तो म्हणतो की आदर्श नगरातल्या रक्षकवर्गात कुणाचं मूल कोणतं हे कळूच देऊ नये. सगळी मुलं सगळ्यांची. म्हणजे 'माझं-तुझं' संपेल आणि कुणी मागे उरणार नाही. ॲरिस्टॉटलने याला 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागात उत्तर दिलं. थोडीशी गोड वाइन खूप पाण्यात मिसळली की चव लागत नाही, तसं हे प्रेम पातळ होईल, असं तो म्हणतो. अशा पद्धतीने हजारो जणांचा मुलगा असण्यापेक्षा कुणा एकाचा खराखुरा चुलतभाऊ असणं बरं.

मला ॲरिस्टॉटल पटतो. गंमत अशी की सिनेमातला आश्रम अगदी चांगला आहे. तिथली मोठी माणसं मायाळू आहेत, कुणी उपाशी नाही, कुणी मारत नाही. तरीही ही मुलं बर्फात सहलीला जातात तेव्हा पडलेल्या पोराला जवळ घेणाऱ्या एका आईकडे सगळी रांगेने उभी राहून बघत बसतात. सगळ्यांना वाटून मिळालेल्या मायेने पोट भरतं. पण त्यांना हवं असतं ते न वाटलेलं, आपल्या एकट्याच्या नावाचं. म्हणजे प्रेम हे मुळातच पक्षपाती आहे. पक्षपात काढून टाकला तर प्रेमच निघून जातं, आणि ठेवला तर सायमन उरतो.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1965 सालच्या एका निबंधात सांगितलेली गोष्ट इथे मला उपयोगी पडली. दोन समजुती एकमेकींच्या विरोधात गेल्या आणि एक खोटी ठरली, की ती आपण टाकून देतो, विषय संपला. कर्तव्यांचं तसं नसतं. दोन कर्तव्यं टकरावली आणि आपण योग्य तेच निवडलं, तरी दुसरं खोटं ठरत नाही. ते मागे उरतं. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर तिकीट 'वोन्ट फिक्स' म्हणून बंद केलं की बोर्ड स्वच्छ दिसतो, बग मात्र तिथेच असतो. किंवा शाळेतला भागाकार घ्या. उत्तर बरोबर आलं तरी खाली बाकी उरू शकते. बाकी उरली म्हणून गणित चुकलं असं कुणी म्हणत नाही. पण ती लिहायची असते.

हे मला इतकं का लागलं ते आता सांगतो.

इंजिनिअरिंगला आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. तीन वर्षं एकच मेसचा डबा, एकच इस्त्री, आजारपणं सामायिक. आम्ही एकमेकांना फॅमिली म्हणायचो, व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही तेच. चौथ्या मित्राचा एम-थ्री निघत नव्हता. मागच्या विषयांची संख्या वाढली आणि त्याला वायडी लागला, म्हणजे वर्ष गेलं. कॅम्पसला कंपन्या आल्या तेव्हा तो बसूच शकत नव्हता. पण कोडिंगमध्ये आम्हा चौघांत तोच हुशार. माझ्या इंटरव्ह्यूच्या आधी चार रात्री त्याने मला लिंक्ड लिस्ट आणि रिकर्जन घोकून घेतलं, खोटा इंटरव्ह्यूअर बनून प्रश्न विचारले. मला नोकरी लागली. बाकी दोघांनाही लागली. जून महिन्यात आम्ही खोली सोडली, तेव्हा आमच्या बॅगा स्टँडपर्यंत त्यानेच आणल्या. "जा रे, सेट व्हा, मग मला रेफर करा," म्हणाला.

मी जायला नको होतं का? घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते होते. जाणं बरोबरच होतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो: माझं काही चुकलं नाही. ते खरं आहे, पण त्यावर मी थांबलो. पहिल्या वर्षी दर आठवड्याला फोन, मग महिन्याने, मग वाढदिवसाला मेसेज, मग ग्रुप म्यूट. तो पास झाला तेव्हा मी अंगठ्याचा इमोजी टाकला होता. आत्ता तपासून बघितलं, फक्त अंगठा. निघून जाण्यात अन्याय नव्हता. बाकी लिहायची सोडून दिली, तिथे होता.

सिनेमातला कुर्जेत नऊ वर्षांचा आहे, पण त्याला हे कळतं. नव्या घरातून तो सायमनला पत्र लिहितो, सोबत सगळ्यांचा फोटो पाठवतो, आणि कळवतो की आम्ही तुला विसरलेलो नाही. पत्राने सायमनला घर मिळत नाही. सिनेमा तसा दावाही करत नाही. पण आपल्यावर प्रेम करणारं कुणी उरलं नाही, हे सायमनचं वाक्य त्या पत्राने खोटं ठरतं.

आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला. आश्रमातल्या एका शिक्षिकेला बाळ होतं. मुलं तिच्याभोवती गोळा होऊन विचारतात, याला टाकून तर देणार नाहीस ना? कुरूप निघालं तरी? खूप रडलं तरी? मूर्ख असलं तरी? ती प्रत्येक वेळी सांगते, नाही टाकणार. ऐकायला प्रश्न विनोदी आहेत, पण मुलं खरं तर कुटुंबाची व्याख्या विचारतायत. तिने ते बाळ गुण बघून घेतलेलं नाही आणि अवगुण बघून परतही करणार नाही. रक्ताच्या नात्यातली खरी चांगली गोष्ट हीच आहे, त्यात कुणी तुमची मुलाखत घेतलेली नसते. मैत्रीतून कुटुंब बनवायचं तर तिला कधीतरी इथवर यावं लागतं, निवड संपते त्या जागेपर्यंत.

म्हणून मला आता 'निवडलेलं कुटुंब' हा शब्द अपुरा वाटतो. निवड आज केली तशी उद्या बदलताही येते, सबस्क्रिप्शनसारखी. मराठीत याहून चांगला शब्द आधीपासून आहे. आपण मानलेला भाऊ म्हणतो, मानलेली बहीण म्हणतो. मानलं की मानलं. आजी ज्याला भाऊ मानायची त्याच्याकडे वीस वर्षं गेली नसेल, तरी भाऊबीजेला त्याचं नाव निघायचं. एका घरात राहणं ही त्या नात्याची अट नव्हती. रेमंडने कुर्जेत आणि कामिलला घर दिलं. कुर्जेतने सायमनला मानलं. घर सगळ्यांना देता येत नाही. मानायला मात्र खोल्या मोजाव्या लागत नाहीत. पण त्यासाठी पत्र लिहावं लागतं, पुन्हा पुन्हा, समोरच्याने मागितलं नसलं तरी.

सिनेमा बघितल्यानंतरच्या शनिवारी मी त्याला फोन केला. माफी वगैरे मागायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तो आता एका छोट्या कंपनीत आहे, बरं चाललंय, गावाकडे घराचं काम काढलंय. सिमेंटच्या भावाबद्दल बराच वेळ बोलला. मी ऐकत राहिलो. ठेवताना म्हणालो, पुढच्या शनिवारी करतो.

"बघू," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. पण माझ्यावर विश्वासही नव्हता, आणि तो नसणं बरोबरच आहे. शनिवार उद्या आहे.