बारा टनांचे सत्य

आमच्या नात्यागोत्यात पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. मी तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या नातेवाइकांपैकी कुणी वाचल्याचे मला ठाऊक नाही, पण ‘मास्तरला लिहिता येते’ एवढी कीर्ती मात्र त्यांच्यामुळे झाली. तेव्हापासून बँकेला अर्ज, सोसायटीला तक्रार, व्याह्यांना नरमाईचे चार शब्द, असे सगळे लेखन माझ्याकडून करून घेतले जाते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि नोकरी लहान मुलांना जोडाक्षरे शिकवण्याची. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझे आतेभाऊ तात्या पत्र लिहून घ्यायला आले, तेव्हा त्या पत्रात नीतिशास्त्राचा एवढा गुंता असेल, अशी मला शंकाही आली नाही.

तात्यांची स्वतःची मालमोटार आहे. कर्जाची, पण स्वतःची. आणि चालवतातही तेच. पिंपळगावचा कांदा वाशीला टाकायचा आणि येताना भिवंडीच्या गोदामातून जे मिळेल ते भाडे घेऊन यायचे, असा त्यांचा रगाडा. गाडी जेमतेम चौदा महिन्यांची होती. एका पावसाळी रात्री कसाऱ्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आधी खरखर झाली, मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडीने जोर सोडला. इंजिन चालू, चाके थंड. क्लीनरने उडी मारून चाकांमागे दगड लावले म्हणून बरे. रात्रभर तात्या कठड्यावर बसून होते. पलीकडे रेल्वेचा घाट. सदतीस फुटांत एक फूट अशी ती चढण १८६५ सालापासून गाड्या चढताहेत, आणि चढताना गाडीला कसाऱ्याहून मागून इंजिने लावतात. तात्या मला म्हणाले, “मास्तर, रेल्वेला मागून ढकलायला कुणीतरी असते. आपल्या मागे फक्त हप्ता.”

क्रेनने गाडी नाशिकला आणली. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गिअर-बॉक्स उतरवला, तर आत एक बेअरिंग फुटून त्याचा भुगा झालेला आणि गिअरचे दात गेलेले. हमीची मुदत शिल्लक होती, तेलपाणी वेळेवर केल्याच्या पावत्याही होत्या. कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले, आणि चार दिवसांनी उत्तर आले: गाडी क्षमतेपेक्षा जास्त भाराने चालवल्याचे दिसते, सबब हमीत बसत नाही. खर्च लाखाच्या वर.

तात्या गाडीचे दात रुमालात बांधून आडगावकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. मीही बरोबर होतो. त्या गृहस्थाने चष्मा कपाळावर सरकवला, दात बोटांत फिरवले आणि जे सांगितले ते मला एखाद्या वैद्याच्या निदानासारखे वाटले. तो म्हणाला, दात भाराने मोडला तर मुळाशी मोडतो. हे मुळाशी नाहीत, वर चावल्यासारखे झालेत. म्हणजे बेअरिंग आधी फुटले, त्याचे तुकडे दातांत सापडले. बेअरिंग कशाने फुटले? त्याने खांदे उडवले. “कच्चे असेल. चौदा महिन्यांत भाराने असे जात नाही.”

आता पत्राकडे वळू. तात्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि सांगू लागले, “लिहा, गाडी कायम पासिंगमध्ये चालली. एक किलो जादा नाही.”

“आणि खरे काय?”

“खरे काय ते तुम्हाला माहीत आहे. पासिंग दहाचे, भरतो बारा. बिल्टीवर दहा, गाडीत बारा. दहात हप्ता जात नाही, मास्तर. हे कंपनीला माहीत आहे, कर्ज देणाऱ्याला माहीत आहे, व्यापाऱ्याला तर आहेच. ज्याला माहीत नाही असे दाखवायचे, तो फक्त कागद.”

वाचकहो, पेच लक्षात घ्या. मिस्त्रीचे खरे धरले तर नुकसान भाराने झालेच नव्हते, आणि भरपाई तात्यांच्या न्याय्य हक्काची होती. पण बारा टन कबूल केले की हमीच्या कलमाप्रमाणे ती बुडणार. बेअरिंग कच्चे होते की नव्हते हे कुणी पाहणारसुद्धा नाही. म्हणजे जे आपलेच आहे ते मिळवण्यासाठी खोटे बोलावे की नाही, एवढाच प्रश्न होता. परक्याचे लुबाडण्यासाठी खोटे बोलू नये, हे मी पहिलीच्या मुलांना सहज सांगतो. हा प्रश्न त्या पाठात बसेना.

तात्यांनी धर्मराजाचा दाखला दिला. अश्वत्थामा मेला, असे युधिष्ठिराने सांगितले; हत्तीचे तेवढे हळू म्हटले; आणि युद्ध जिंकले. मी म्हणालो, “पण त्याचा रथ चार बोटे जमिनीवरून चालत होता, तो त्याच क्षणी खाली टेकला.” तात्या म्हणाले, “टेकला ना? चालला तर खरा! माझा चालतच नाही.” यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था माझ्यासारख्यांचे विद्यापीठच. तिथे याज्ञवल्क्यस्मृती काढली, कारण विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्याच्या मुदती तीत दिल्या आहेत, असे कुठेतरी वाचले होते. आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात, बियाण्याला दहा. दासदासींनाही मुदत लावली आहे. ते वाचताना मान खाली जाते. आणि ‘वाह्य’ म्हणजे ओझे वाहणारे जे, त्याला पाच दिवस. तात्यांची गाडी लोखंड धरावी की वाह्य, या विचाराने मला त्या शांत खोलीत हसू आले. पण त्या यादीतला विवेक पाहण्यासारखा आहे. बी उगवल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्याला दहा दिवस असावेत. मुदत वस्तूच्या स्वभावावरून ठरवली आहे.

आपला आजचा कायदा दुसऱ्या घरातून आला. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘अट’ आणि ‘हमी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. अट मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. म्हणजे हमी ही मुळातच धाकट्या जातीची वचने. पुढे ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने २०२० सालापासून त्याची जागा घेतली. तात्यांना कुणी म्हणाले होते की ट्रक धंद्यासाठी घेतलेला, तुम्ही ग्राहकच नव्हे. हे चूक. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की पोटासाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. मी ही माहिती विजयी मुद्रेने घरी आणली. तात्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “निकाल लागेपर्यंत हप्ता कोण भरील?” आयोगाचा विषय तिथेच संपला.

भाराच्या पापपुण्याचीही एक गंमत आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींची भारमर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली. आदल्या दिवशीचे पाप दुसऱ्या दिवशी पासिंग झाले. पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अतिभाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आला. तेव्हा बारा टन लिहून देणे म्हणजे हमी घालवणे, आणि वर गुन्ह्याची कबुली.

रोमचा सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेला एक व्यापारी आहे. मागून आणखी गलबते येताहेत हे त्याला माहीत आहे. ते गिऱ्हाइकांना सांगावे की चढ्या भावाने विकून मोकळे व्हावे? एक पंडित म्हणतो, कायदा विचारील तेवढेच सांगावे. दुसरा म्हणतो, सगळे सांगावे. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूचा. मला ते पटले. पण त्या गोष्टीत गप्प बसणारा विकणारा आहे, घेणारा नाही. गप्प बसल्यावाचून ज्याचे चालतच नाही, त्याचे काय करावे हे तिथे मला सापडले नाही.

उत्तर सापडले ते, सांगायला लाज वाटते, माझ्याच वर्गात. काही वर्षांपूर्वी शाळेच्या खिडकीच्या तीन काचा फुटल्या होत्या. मी दरडावून विचारले, तेव्हा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मधली मी फोडली.” बाकीच्या दोन कुणी फोडल्या ते कळेना, म्हणून मी तिन्हींचे पैसे त्याच्या बापाकडून घेतले. बाप हमाली करणारा होता. त्यानंतर त्या वर्गात माझ्यासमोर कुणीही कशाचीही कबुली दिली नाही. मी तेव्हा मुलांना दोष दिला, अलीकडची पिढी वगैरे म्हणालो. हमीचे ते कलम वाचताना मला माझा आवाज ऐकू आला. मधली काच कबूल केलीस ना? मग तिन्ही तुझ्याच. जिथे चुकीपेक्षा कबुली महाग पडते, तिथे सगळे बिल्टीवर दहा लिहिणार. आणि लिहिणाऱ्याइतकाच, तसे लिहायला लावणाराही त्या खोट्याचा धनी आहे.

पण हे उमगल्यावर तरी मी खोटे लिहावे की नाही? कलम अन्यायाचे आहे, म्हणून माझे असत्य न्यायाचे होते का? माझे मन तसे म्हणेना. तात्यांच्या बाजूने एकच भक्कम पुरावा होता, तो म्हणजे ते दात. ते खरे बोलत होते. त्यांच्या शेजारी एक खोटे वाक्य बसवले की दातांनाही कुणी विचारणार नव्हते. मी तात्यांना म्हणालो, मी लिहीन ते खरे लिहीन, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घ्या. दुसरा लिहिणारा घरात नव्हता. त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता.

मी लिहिले की काही खेपांना भार मर्यादेपेक्षा जास्त होता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु दातांची मोड भाराची नाही, बेअरिंग तपासावे. महिन्याभराने उत्तर आले. मागणी अमान्य, तथापि सदिच्छा म्हणून सुट्या भागांच्या किमतीत निम्मी सूट. बेअरिंगबद्दल एक अक्षर नाही. मजुरी, क्रेन आणि उभ्या गाडीचे दोन हप्ते तात्यांच्या अंगावर पडले. वहिनींच्या पाटल्या त्या वेळी मोडल्या, हे मला नंतर आमच्या मंडळींकडून कळले. सत्य माझे होते आणि पाटल्या त्यांच्या. खोटे लिहिले असते तर पूर्ण पैसे मिळाले असते की नाही, कोण सांगणार? पण मिळाले असते, अशी तात्यांची खात्री आहे. आणि तसे नाहीच, असे मलाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेच पत्र पुन्हा लिहायची वेळ आली तर मी तसेच लिहीन. फक्त या वेळी आधी वहिनींना विचारीन.

पुढचे वर्षभर तात्या कामापुरते बोलत होते. यंदा दसऱ्याला मात्र त्यांनी मला मुद्दाम बोलावले. गाडी धुऊन पुसून उभी होती, झेंडूचे तोरण लावलेले. वहिनींनी चाकांना हळदकुंकू वाहिले, नारळ माझ्या हातात दिला. प्रसाद वाटून झाल्यावर तात्या केबिनमध्ये चढले आणि खाली वाकून म्हणाले, “हमीची मुदत संपली, मास्तर. आता किती भरतो ते विचारू नका.”

मी विचारले नाही. गाडी पिंपळगावच्या दिशेने गेली.