न्यायाधीश कोणाचा?

जुहूचे नाव काढले की लोकांना समुद्र, भेळपुरी आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. आमच्या वर्गातली मुले त्या बंगल्यांच्या मागच्या वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरी कोर्ट येते ते मारामारीच्या नाहीतर चेकच्या खटल्याने. मग अंधेरीच्या कोर्टातली ‘तारीख’ हा घरातला रोजचा शब्द होऊन बसतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाचे काम आटोपून आम्ही शाळेत परतलो. नागरिकशास्त्राच्या तासाला नगरसेवक, आमदार, खासदार अशी उतरंड फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “टीचर, और जज को कौन चुनता है?” वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेच्या दारात भेटले होते. त्यांच्यावर एक खटला चालू होता. इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारले होते, “वहाँ अपना कोई है क्या?” बापाचा आणि लेकीचा प्रश्न एकच आहे, हे आम्हाला घरी जाताना उमगले.

पुस्तकी उत्तर सोपे आहे. आपल्याकडे न्यायाधीश मताने निवडत नाहीत. कायद्याची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, अशी पायरी पायरीने बढती होते. या न्यायाधीशांवर हुकूम सरकारचा चालत नाही, उच्च न्यायालयाचा चालतो, असे संविधानाचे २३५ वे कलम सांगते.

पण मुलीचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कोणत्या ना कोणत्या प्रकारे न्यायाधीशांना मतदारांपुढे जावे लागते. तिथले लोक म्हणतात, जो आम्हाला तुरुंगात धाडू शकतो, त्याला आम्ही का निवडू नये? या म्हणण्यात दम नाही असे कोण म्हणेल? परंतु निवडणुकीला पैसा लागतो. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने एका उमेदवार न्यायाधीशासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले आणि पुढे त्याच कंपनीचे अपील त्या न्यायाधीशापुढे आले. त्यांनी त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवले, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. आमच्या जुहूत न्यायाधीशाची निवडणूक झाली तर कोण जिंकेल? एखादा नट, एखादा बिल्डर, नाहीतर ज्याचा मोहल्ला मोठा तो. मग ज्याचा मोहल्ला लहान, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

इथे आम्हाला बद्रुद्दीन तय्यबजी आठवतात. मते मागणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. १८७३ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून आले होते. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते होते. म्हणजे ‘आपला माणूस’ म्हणावे असे सगळे त्यांच्यात होते. १८९५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आधी जामीन नाकारला गेला होता. अर्ज पुन्हा तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला.

तो काळ डोळ्यांपुढे आणावा. मुंबईतल्या १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीला चारच वर्षे झाली होती. टिळकांच्या त्या वेळच्या लिखाणावर पुष्कळ मुसलमान नाराज होते. सरकारचा रोष तर होताच. तय्यबजी मोहल्ल्याच्या मतांवर त्या खुर्चीत बसले असते, तर तो जामीन देणे त्यांना इतके सोपे झाले असते काय?

ही गोष्ट आपल्या जलशांत नेहमी सांगितली जाते, पण ती दाखल्यासारखी सांगतात: पाहा, एका मुसलमानाने टिळकांना जामीन दिला! आम्हाला हे खटकते. तय्यबजींनी मुसलमान म्हणून उपकार केला नाही आणि काँग्रेसवाले म्हणून दोस्ती निभावली नाही. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा जामिनाचा खरा प्रश्न असतो. त्यांनी न्यायाधीशाचे काम केले, एवढेच.

याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. त्या दिवशी टिळकांच्या बाजूने जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा दावर न्यायाधीश होते. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा दिली. ‘अपना कोई है क्या’ म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ‘आपला’ वकील खुर्चीत बसल्यावर आपला राहतोच असे नाही. आणि मोजलेल्या मतांचे म्हणाल, तर दोन्ही खटल्यांत ज्युरी होतीच. १८९७ ला सहा विरुद्ध तीन, १९०८ ला सात विरुद्ध दोन. बहुसंख्या गोऱ्यांची होती, म्हणून निकालही त्यांचाच लागला. हात मोजून इन्साफ होत असता, तर तो तेव्हाही झालाच असता!

आता स्वतःबद्दल कबुली देतो. कोर्टातल्या पाटीवर आमच्यासारखे नाव दिसले की आमच्या जिवाला बरे वाटते. दुसरे दिसले की छातीत धडधडते. ही धडधड निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा देऊन आलेला न्यायाधीशही माणूसच, त्याचेही पूर्वग्रह असतात आणि खटले वर्षानुवर्षे रखडतात. परंतु आपल्या नावाचा न्यायाधीश आपल्याला झुकते माप देईल, ही आशा धरणे म्हणजे दुसऱ्या नावाच्या न्यायाधीशाला तसे करण्याची परवानगी देणेच होय. ही परवानगी अल्पसंख्याकाला सर्वांत महाग पडते.

मग न्यायाधीशाने कोणाला जबाब द्यायचा? याचे उत्तर आम्हाला वर्गानेच शिकवले. मस्ती करणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर मुलांनी मते देऊन निवडला, तेव्हा त्याच्या दोस्तांची नावे वहीत कधी आली नाहीत. आम्ही स्वतः एक मुलगी नेमली, तेव्हा “टीचरची लाडकी” अशी कुजबुज झाली. शेवटी नियम केला: नावापुढे कारण लिहायचे, वही सर्वांना दिसेल अशी ठेवायची आणि ज्याला मान्य नाही त्याने आमच्याकडे यायचे. कुजबुज थांबली नाही, पण कमी झाली. उघडे कोर्ट, लेखी कारणे आणि वरचे अपील हेच न्यायाधीशाचे मतदान. ते पाच वर्षांनी येत नाही, प्रत्येक निकालाला होते.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही पुढे सांगितले, “तिथं आपलं कोणी नाही. चांगला वकील बघा, कागद नीट ठेवा, आणि निकाल लागला की त्यात कारण काय लिहिलंय ते वाचून घ्या.” ते नाराज होऊन गेले. अजून रस्त्यात भेटले तर सलाम करतात, पण थांबत नाहीत. त्यांची मुलगी मात्र यंदा मॉनिटर आहे. परवा तिने वहीत स्वतःच्या सख्ख्या भावाचे नाव लिहिले, आणि पुढे कारणही.