उहुदच्या पायथ्याशी मुलाला काय सांगाल?

उमराहच्या सफरीत मदीनेला पोहोचलेले कुटुंब जियारतीच्या बसने उहुदला जातेच. दिवा, मुंब्रा, कल्याण परिसरातून जाणाऱ्यांनाही हा क्रम परिचित आहे. मस्जिद-ए-नबवीच्या उत्तरेला तो डोंगर, समोर तिरंदाजांची लहानशी टेकडी आणि जवळच शहीदांच्या कबरी. लोक घाईने टेकडीवर चढतात, मोबाइलवर छायाचित्रे काढतात. अशा वेळी एखादे मूल विचारते, “अब्बा, ही लढाई कोण जिंकले?”

वाचक बंधू-भगिनींनो, आपण काय उत्तर द्याल?

हिजरी सन 3 मध्ये, म्हणजे इ.स. 625 मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली 50 तिरंदाज या टेकडीवर नेमले. जय होवो वा पराजय, आदेशाविना जागा सोडू नये, अशी ताकीद होती. शत्रू मागे हटताना दिसला आणि बहुतेक तिरंदाज युद्धातील संपत्तीसाठी खाली उतरले. तेव्हा शत्रुपक्षात असलेल्या खालिद बिन वलीद यांनी नेमकी ती संधी साधली. सुमारे 70 सहाबा शहीद झाले. प्रेषितांचे प्रिय चुलते हजरत हमजा (रजि.) यांच्या देहाची विटंबना झाली. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांच्या कफनासाठी असलेली चादर इतकी तोकडी होती की डोके झाकले तर पाय उघडे पडत; अखेर पायांवर गवत घालावे लागले. स्वतः प्रेषितांचा चेहरा जखमी झाला.

मुलाला हे सारे सांगताना आपली जीभ अडखळते. आपल्याच लोकांची चूक कशी सांगावी? परंतु कुरआनने ती लपवलेली नाही. सूरह आलि इमरानमध्ये आपसातील मतभेद, आदेशाचे उल्लंघन आणि काहींच्या मनातील दुनियेची ओढ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि तेथेच अल्लाहने त्यांना क्षमा केल्याचेही सांगितले आहे. म्हणून चूक सांगावी, पण अदब राखून. ज्यांना अल्लाहने माफ केले, त्यांचा निवाडा करणारे आपण कोण?

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शहराबाहेर जाऊन लढण्याचा निर्णय सल्लामसलतीने झाला होता. प्रेषितांचा कल मदीनेत राहूनच मुकाबला करण्याकडे होता. एवढी हानी झाल्यावर कोणीही म्हणाला असता की, यापुढे कोणाला विचारणे नको. अल्लाहने मात्र प्रेषितांना त्यांना माफ करण्याचा, त्यांच्यासाठी क्षमा मागण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करत राहण्याचा आदेश दिला. घरात मुलाच्या हातून एक चूक झाली की वर्षभर त्याचे मत न विचारणाऱ्या आई-वडिलांनी उहुदला जाऊन काय पाहिले?

पृथ्वीवर प्रवास करून इबरत घेण्याची आज्ञाही याच सूरहमध्ये, उहुदच्या जखमेच्या उल्लेखालगत आली आहे. इबरत म्हणजे इतरांच्या नाशाकडे बोट दाखवणे नव्हे. तिची सुरुवात स्वतःपासून होते. थोड्याशा लाभासाठी मी नेमून दिलेली जागा कितीदा सोडली? दुकानात, नोकरीत, वारसांच्या वाटणीत?

ही दृष्टी असेल तर परदेशच हवा असे नाही. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दिव्याहून लोकलने रोज मशीद स्थानकात उतरणाऱ्यांपैकी किती जण तेथे क्षणभर थांबतात? कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले जहाजांवर पाठवली आहेत.

तेव्हा मुलाला सांगा, “बेटा, त्या दिवशी आपल्याकडून चूक झाली. अल्लाहने क्षमा केली. आता शहीदांना सलाम कर, त्यांच्यासाठी दुआ कर आणि मग खाली उतरू.” छायाचित्र नंतरही काढता येईल.

अल्लाह आपल्या प्रवासांना इबरतीचे साधन बनवो आणि आपापल्या जागी टिकून राहण्याचे बळ देवो. आमीन.