अधिकार मृताचा, हिशेब जिवंतांना

28 जून 1901 रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक दत्तकविधान झाले. शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित 1897 मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, नेमले होते. बाबा महाराजांमागे जन्मलेला मुलगा काही आठवड्यांतच गेला. म्हणून मृत्युपत्रानुसार त्यांच्या पत्नी ताई महाराजांच्या मांडीवर जगन्नाथ हा मुलगा दत्तक दिला गेला.

पुण्याला परतल्यावर ताई महाराजांनी हे दत्तक नाकारले, ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शाखेतला दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली न्यायालयाची मान्यता, रद्द करण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षाही झाली. मार्च 1904 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. औरंगाबादचे दत्तक वैध ठरायला 1915 साल आणि लंडनचे प्रिव्ही कौन्सिल लागले. मित्राला दिलेल्या शब्दासाठी टिळकांनी सोसलेला हा त्रास मला मोठा वाटतो. तरीही कोवळ्या वयात विधवा झालेल्या ताई महाराजांची बाजू मनातून जात नाही. घरखर्च किती आणि मांडीवर मूल कोणाचे, हे दोन्ही इतरांनी ठरवायचे होते.

एक्झिक्युटरचा अधिकार मृत्युपत्रातूनच येतो. प्रोबेट त्यावर न्यायालयाची मोहोर उमटवते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मृताची मालमत्ता एक्झिक्युटरच्या हाती येते, पण स्वतःसाठी नव्हे. अंत्यविधीचा खर्च, मग देणी, त्यानंतर वारसांचे वाटे, असा क्रम आहे. त्याने मालमत्तेची नासाडी केली तर भरपाई त्याच्याच खिशातून. प्रोबेट घेतले की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई शहरासारख्या ठिकाणी, आणि 2025 च्या अखेरीस संसदेने तीही काढली. मराठवाड्यात ती नव्हतीच. खेटे वाचले हे चांगलेच झाले. पण प्रोबेट नसेल तर न्यायालय आपणहून यादी मागत नाही. फेरफार मंजूर झाला, बँकेतली रक्कम निघाली, तरी विधवा आईला किंवा सासरी गेलेल्या मुलीला कुणी कागद दाखवेलच असे नाही. ती दावा लावू शकते. पण भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढणे किती जणींना जमते?

म्हणून ही जबाबदारी मृत्युपत्र करणाऱ्याने आधीच उचलावी. विश्वासू माणूस जरूर नेमावा. पण सहा महिन्यांत यादी आणि वर्षात हिशेब प्रत्येक वारसाच्या हाती लेखी द्यावा, अशी अट मृत्युपत्रातच घालावी. पत्नीचा वाटा तिच्या नावे स्वतंत्र ठेवावा, म्हणजे खर्चासाठी तिला कुणाची परवानगी लागणार नाही. प्रामाणिक एक्झिक्युटरला अशा अटीचा जाच वाटण्याचे कारण नाही. उद्या त्याच्यावर बालंट आलेच, तर हेच कागद त्याच्या बाजूने उभे राहतील.