अदंभित्व आणि मागून जाणारा धागा



आजचा शब्द अदंभित्व. गीतेच्या १३व्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात, त्यात अमानित्वानंतर लगेच हा येतो. आणि १६व्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे, तिची सुरुवातच दंभाने होते. म्हणजे विषय किरकोळ नाही.

गेल्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. सकाळी लवकर उठून त्या ज्ञानेश्वरीचं एक पान वाचतात आणि दहा वाजता ऑफिसात बसून फोनवर प्लॉट विकतात. वाचनाबद्दल तिथे कुणालाच माहीत नाही. त्यांनी विचारलंय, "सकाळची मी आणि दहानंतरची मी वेगळी. हाच दंभ ना?"

प्रश्न वाचला आणि माझी रेवदंड्याची मावशी डोळ्यांपुढे आली. ती सध्या मफलर विणतेय. रेवदंड्यात लोकरीचा मफलर! जिथे थंडीतही पहाटेपुरती चादर पुरते. पण तिचा मुलगा बोटीवर आहे, आणि बोट युरोपच्या उत्तरेला जाते. (या गावाला धाग्याचं कौतुक तसं जुनं. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं खालचं चौल, आणि चौलचं रेशीम एके काळी दूरदूर जायचं. लोकर मात्र इथे पाहुणीच.)

मफलर निळा-पांढरा, मधे लाल नक्षी. ही पद्धत मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची. तिथल्या फेअर आयल नावाच्या छोट्याशा बेटावरून तिला नाव पडलं. एका ओळीत साधारण दोनच रंग चालतात. निळा टाका घालायचा तेव्हा पांढरा धागा कापत नाहीत, तो मागून पुढे न्यायचा. तीन टाक्यांनी पांढऱ्याची पाळी आली की निळा मागे. समोरून बघाल तर सुबक नक्षी, उलटून बघाल तर आडव्या धाग्यांचं जाळं. आणि या मागच्या धाग्यांमुळेच कापड दुप्पट जाड होतं. ऊब येते ती तिथून.

स्वेटरची मागची बाजू अंगाशी लपते. मफलर वाऱ्यावर उलटतो, त्याचं सगळं दिसतं. म्हणून मावशी तो गोल सुईवर नळीसारखा विणते, सगळे धागे आत. मी विचारलं, "मावशी, लपवतेस होय गं?" तर म्हणाली, "लपवू कशाला? बाहेर राहिले तर बटणात अडकून तुटतील ना रे!"

ज्ञानेश्वर माऊलींनी अदंभित्व समजावताना नेमकं हेच धरलंय. आपल्याला वाटतं, दंभ नसणं म्हणजे सगळं उघड करणं. माऊलींचे दृष्टांत मात्र सगळे झाकण्याचे आहेत: लोभी माणूस आपली ठेव कुणाला दाखवत नाही, शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो. तसं आपलं पुण्य झाकावं. म्हणजे ताई, ऑफिसात कुणाला वाचनाबद्दल माहीत नाही, हा दंभ नाहीच. उलट उद्यापासून डेस्कवर ज्ञानेश्वरी ठेवून फोटो टाकायला लागलात तर मला काळजी वाटेल.

पैठणीचे जाणकार इथे म्हणतील, आमच्याकडे उलटी बाजू नसतेच. खरंय. हातमागावरची अस्सल पैठणी ओळखायची तर पदर उलटून बघतात. नक्षी दोन्हीकडून सारखी, मागे लोंबणारे धागे नाहीत. आत-बाहेर एक. संतांचं जगणं तसं. आपण अजून मफलरवाले आहोत, आणि मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

पण ताईंच्या मेसेजमध्ये शेवटी आणखी एक ओळ होती. चाळीस प्लॉट शिल्लक असताना "शेवटचे दोनच उरलेत, आजच टोकन द्या" असं बोलावं लागतं. खरं तर प्रश्न हा आहे, वाचनाचा नाही. इथे धागा मागून जात नाहीये, इथे तो तुटलाय. समोर कुणाची तरी आयुष्यभराची बचत आहे, आणि घाईने निर्णय व्हावा म्हणून हे वाक्य बोललं जातंय.

"भक्ती माझ्या आत आहे" हे आपलं लाडकं वाक्य. मागचा धागा फार वेळ वर आलाच नाही तर काय होतं, मावशीला विचारा. लांब लोंबतो, बोटात अडकतो, खेचला जातो. म्हणून पाचेक टाक्यांपेक्षा जास्त अंतर झालं की ती त्याला मागच्या मागे चालू धाग्यात गुंतवून घेते. आणि फार ताणला तर अख्खं कापड आकसतं, नक्षीला सुरकुत्या पडतात. स्वतःला दर मिनिटाला तपासणाऱ्या साधकाचं असंच होतं. तो घरच्यांनाही नीट बसू देत नाही.

नोकरी सोडा असं मी ताईंना लिहिलेलं नाही. त्यांचे हप्ते मी भरणार नाहीये. एवढंच लिहिलं की पुढच्या फोनवर ते "दोनच" गाळून बघा. प्लॉट चांगला असेल तर त्याचा रस्ता, पाणी, कागदपत्रं याबद्दल बोला. टार्गेट चुकेल कदाचित. साहेब बोलतील. खरं बोलून नुकसान होत नाही असं गोड गोड लिहिलं तर तो माझाच दंभ होईल. नुकसान होतं, आणि ते त्यांनाच सोसावं लागेल.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ, अहिंसा.