नाचणारें मूल आणि पाहणारे आईबाप

लातुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरुड हें बाजारपेठेचें गांव आहे. तेथें आमचे एक जुने विद्यार्थी राहतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही त्यांच्याकडे उतरलों असतां, चहा होतांच त्यांनीं प्रश्न टाकला, "सर, पोरीला नाचाच्या क्लासला घालावं म्हणतोय. घालावं का नको, तुम्हीच सांगा." कन्या सात वर्षांची. भरतनाट्याचा वर्ग लातुरास; शनिवारीं-रविवारीं न्यावें लागणार. आजीचें म्हणणें, आपल्या घरांत मुली नाचत नाहींत. आईची इच्छा, शाळेच्या संमेलनांत मुलीनें उठून दिसावें. बापाचा हिशेब असा कीं, शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्यास दहावीला जादा गुण मिळतात, ते कां सोडावे? मुलीचें म्हणणें काय, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्या दिवशीं कांहींतरी मोघम बोलून आम्हीं वेळ मारून नेली. तें उत्तर आतां येथें देण्याचा विचार आहे.

वरवर पाहतां प्रश्न आठवड्यांतल्या दोन-चार तासांचा आहे. परंतु मुलाच्या कलेवर, किंबहुना त्याच्या देहावर, आईबापांचा हक्क कोठवर चालतो, हा नीतीचा प्रश्न त्याच्या पोटांत आहे. म्हणून त्या घरांतील तिन्ही पक्ष एकेक करून तपासूं.

प्रथम आजीबाईंचा पक्ष. सुशिक्षित मंडळी तो हंसण्यावारीं नेतात, हें बरें नव्हे. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवास मार्गशीर्षांत खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांचा बाजार भरतो आणि तमाशाचे फडही उभे राहतात. या फडांना जाणाऱ्यांत आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतले पुरुष नव्हते असें कोण म्हणेल? रात्रीं ज्या नाचाला दौलतजादा करावयाची, त्याचें नांव सकाळीं घरांत काढूं द्यावयाचें नाहीं, अशी ही दुटप्पी रीत होती. आजीबाईंनीं ती डोळ्यांनीं पाहिलेली असते. नाचणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात हें त्यांना ठाऊक आहे, आणि तीच नजर नातीवर पडूं नये एवढीच त्यांची धडपड आहे. त्यांचें भय खरें आहे. चूक होते ती दोष ठरवितांना. दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतां तो नाचणारीच्या पायांत शोधला जातो.

शिवाय जें नृत्य आज आपण 'शास्त्रीय' म्हणून मानानें शिकवितों, तें आपल्यापर्यंत आलें तें कोणाच्या हातून? भरतनाट्य देवळांतील व दरबारांतील देवदासींनीं जतन केलें. कथकाचा मोठा वारसा कोठीवरच्या स्त्रियांनीं सांभाळला. १९३६ सालीं रुक्मिणीदेवींनीं मद्रासेंत कलाक्षेत्र काढलें, १९४७ सालीं रोहिणी भाटे यांनीं पुण्यास नृत्यभारती स्थापिली, आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या मुली वर्गांत जाऊं लागल्या. कला प्रतिष्ठित झाली. जिनें ती सांभाळली ती स्त्री बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिली. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, वयाच्या नव्वदीनंतर. मराठी माणसाला तर भरतनाट्य परकें म्हणण्याचाही अधिकार नाहीं. तंजावरच्या मराठी दरबारांतच त्याची आजची घडी पुष्कळशी बसली; दुसऱ्या सरफोजी राजांच्या नांवावर नृत्यासाठीं रचलेले मराठी प्रबंध आहेत, आणि आचार्य पार्वतीकुमार यांनीं ते अभ्यासून पुन्हां रंगमंचावर आणले. म्हणून मुलीच्या पायांत घुंगरू बांधतांना, हें कोणाचें देणें आहे, हें तिला तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावें. ज्या बायकांना आपल्या पणज्यांनीं ओट्यावर बसूं दिलें नसतें, त्यांचें ऋण आपल्या घरांत आलें आहे, हें तिला कळलें पाहिजे.

आतां आईचा पक्ष. मुलीचें कौतुक व्हावें असें कोणत्या आईला वाटत नाहीं? परंतु संमेलनाच्या रंगमंचावर आठ वर्षांच्या मुलीकडून चित्रपटांतील प्रौढ नायिकेचे हावभाव करवून घेतले जातात, आणि पुढल्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवितात, तेव्हां तेथें नाचतें कोण? ज्या भावाचा अर्थ मुलाला ठाऊक नाहीं, तो त्याच्या अंगावर चढविणें म्हणजे त्याचा देह आपल्या हौसेसाठीं उसना घेणें होय. दूरचित्रवाणीवर हा प्रकार इतका वाढला कीं, २०१९ सालीं केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना त्याबद्दल सूचना द्यावी लागली. घराघरांतल्या मोबाइलला अशी सूचना कोण देणार? मूल पाऊल टाकतें न टाकतें तोंच आपण त्याच्यापुढें कॅमेरा धरतों, आणि आपण कसे दिसतों याचाच विचार तें करूं लागतें. आजीबाई ज्या नजरेला भीत होत्या, ती आपणच घरांत आणून बसवितों.

येथें आम्हांस आरिस्टॉटलची आठवण होते. 'राजनीति' या ग्रंथाच्या शेवटच्या भागांत त्यानें मुलांना संगीत शिकवावें कीं नाहीं याची चर्चा केली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, मुलांनीं स्वतः वाजवावें, कारण केल्यावांचून कलेची पारख येत नाहीं. मात्र स्पर्धेसाठीं लागणारी कसरत शिकूं नये, कारण स्पर्धेंतला मनुष्य स्वतःच्या उन्नतीसाठीं वाजवीत नसून प्रेक्षकांच्या सुखासाठीं वाजवितो. पहिली गोष्ट आम्हांस पूर्ण मान्य आहे. दुसरीच्या मागें मात्र धंदेवाईक कलावंताविषयींचा तुच्छभाव आहे, आणि तो तर माळेगांवच्या जत्रेंतल्या बाबूलोकांचाच. कलेवर पोट भरणें यांत हीनपणा कांहीं नाहीं. हीनपणा आहे तो, लहान मुलाला स्वतःसाठीं नाचतां येण्यापूर्वींच दुसऱ्यांसाठीं नाचावयास लावण्यांत.

तिसरा पक्ष बापाचा, म्हणजे गुणांचा. लातूर जिल्ह्यांत त्याचें नवल वाटावयास नको. 'लातूर पॅटर्न' या नांवानें तेथील अभ्यासाची शिस्त साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि गरीब घरांतलीं किती मुलें तिच्यामुळें डॉक्टर-इंजिनियर झालीं हें आम्ही जाणतों. परंतु जी गोष्ट गुणांसाठीं आरंभिली जाते ती गुणांसाठींच थांबविलीही जाते. हें आम्ही अनुभवानें सांगतों. आमची कन्या पांच वर्षें कथक शिकली. ती नववींत गेली तेव्हां आम्हीं वर्ग बंद केला. "वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," असें आम्ही म्हणालों. तिनें वाद घातला नाहीं, आणि पुढें ती कधीं परतलीही नाहीं. आज ती चांगल्या हुद्द्यावर आहे. तिनें आम्हांस आजवर बोल लाविलेला नाहीं. मागें एकदां तिच्या घरीं गेलों असतां ती शेगडीपुढें दूध तापण्याची वाट पाहत उभी होती, आणि तिचे पाय हलकेच तत्कार करीत होते. आम्ही पाहतों आहों असें दिसतांच पाय थांबले. तिच्या निकालपत्रांतील गुण आज आम्हांस आठवत नाहींत. ते थांबलेले पाय विसरूं म्हटलें तरी विसरत नाहींत.

मग आईबापांनीं करावें काय? आमच्या मतें त्यांचें काम राखणदाराचें आहे. शिक्षक निवडतांना त्यांची पदकें मोजूं नयेत. वर्गाचें दार उघडें असतें कीं नाहीं, पालकाला बसूं देतात कीं नाहीं, मुलाच्या रंगावर वा लठ्ठपणावर टोमणे मारतात कीं काय, अंगाला हात लावून उभें राहणें सुधारतांना त्याला आधीं सांगतात कीं नाहीं, हें पाहावें. आमच्या भागांत घरोघर शहाबादी फरशी असते. वाढत्या वयाच्या मुलानें दगडावर रोज पाय आपटणें चांगलें नव्हे, खालीं लांकडी तक्तपोशी किंवा निदान जाड सतरंजी तरी असावी. गुडघा किंवा घोटा दुखतो म्हटलें तर तें ढोंग समजूं नये. पहिले कित्येक महिने तेच तेच अडवू चालतील; "या महिन्यांत कोणतें गाणें बसविलें?" असें विचारून शिक्षकाला घाई करूं नये. मुलगा जाऊं म्हणाला तर त्यालाही पाठवावें. पार्वतीकुमार पुरुषच होते. आणि मूल सोडूं म्हणालें तर एकांतांत कारण विचारावें, हातीं घेतलेलें सत्र पुरें करण्यास सांगावें, आणि मग खुशाल सोडूं द्यावें. वर्गांत कोणाचें भय वाटतें असें कळलें, तर मात्र सत्राचीही वाट पाहूं नये.

त्या मुरुडच्या सायंकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. आम्ही निघण्याच्या बेतांत असतां मुलगी ओट्यावर एकटीच कसलीशी पावलें टाकीत होती. बाप म्हणाले, "दाखव की सरांना." ती थबकली, मानेनें 'नाहीं' म्हणाली आणि आजीच्या पदराआड गेली. बाप ओशाळले. आम्ही त्यांस म्हणालों, "राहूं द्या." तेव्हां आम्ही तें केवळ संकोचानें म्हणालों होतों. आज मात्र आमचें सारें उत्तर त्याच दोन शब्दांत आहे असें वाटतें. मुलीला वर्गांत अवश्य घालावें. आजीबाईंना सोबत जावयाचें असेल तर त्यांनाही न्यावें. आणि घरीं आल्यावर ती दाखवूं म्हणाली तरच पाहावें.